कथनोपचार आणि समुदायकार्य : श्रोत्याच्या भूमिकेचा एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे कौटुंबिक समुपदेशनाच्या क्षेत्रात कथनोपचार ही पद्धती उदयास आली. उपचारकक्षात जन्मलेली ही पद्धती पुढे कोठडीतील मृत्यू, एड्स, वंशसंहार आणि विस्थापन यांनी ग्रासलेल्या समुदायांपर्यंत पोहोचली. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रवासाचा कालक्रमाने मागोवा घेतला असून, या पद्धतीचे बळ केवळ कथा सांगण्यात नव्हते, तर ती कोण ऐकतो, ऐकणारा काय परत देतो आणि कथेची नोंद कोणाच्या स्वाधीन राहते या व्यवस्थेत होते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : कथनोपचार, समुदायकार्य, बाह्यीकरण, साक्षी श्रोता, साक्षकथन, जीवनवृक्ष.

१. प्रस्तावना

दुःख सांगितल्याने हलके होते, ही समजूत सर्व समाजांत आढळते. आधुनिक मानसोपचाराने या समजुतीला शास्त्रीय रूप दिले. परंतु तसे करताना ऐकण्याची क्रिया एका बंद खोलीत नेली. सांगणारा एक, ऐकणारा एक, आणि ऐकणारा हा तज्ज्ञ, अशी ही रचना होती. सांगणाऱ्याच्या शब्दांतून आजाराची लक्षणे शोधणे हे तज्ज्ञाचे काम मानले गेले. ज्या समाजांचे दुःख हे एका व्यक्तीचे नसून संपूर्ण इतिहासाचे होते, त्यांच्यासाठी ही रचना अपुरी ठरली. भूमी हिरावली गेलेल्या, मुले तोडली गेलेल्या किंवा साथीच्या रोगाने एक संपूर्ण पिढी गमावलेल्या माणसांच्या शोकाला व्यक्तिगत विकार म्हणणे हे त्या इतिहासावर पडदा टाकण्यासारखे होते.

इंग्रजीत ‘नॅरेटिव्ह थेरपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीला या निबंधात ‘कथनोपचार’ असे म्हटले आहे. माणूस आपल्या अनुभवांना कथेच्या रूपात अर्थ देतो. अनेक अनुभवांपैकी मोजकेच अनुभव त्या कथेत घेतले जातात. आणि जी कथा प्रबळ होते ती माणसाच्या पुढील आयुष्याला वळण लावते, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक आहे. प्रबळ कथेबाहेर राहून गेलेल्या अनुभवांचा शोध घेऊन पर्यायी कथा उभी करणे हे तिचे कार्य होय. गेल्या काही वर्षांत भारतातही समुपदेशन व समाजकार्य या क्षेत्रांत या पद्धतीविषयी आस्था वाढली आहे. तथापि मराठीत तिच्याविषयी जे बोलले जाते ते बहुधा तंत्रांपुरते मर्यादित असते. ही तंत्रे कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत आणि कोणाच्या आग्रहामुळे घडली, हा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) कथनोपचाराचा उगम व वैचारिक पार्श्वभूमी यांचा आढावा घेणे.
२) ही पद्धती व्यक्तिगत उपचाराकडून समुदायकार्याकडे वळण्याची कारणे तपासणे.
३) या स्थित्यंतरात श्रोत्याच्या भूमिकेत झालेले बदल स्पष्ट करणे.
४) पद्धतीवरील आक्षेप व तिच्या मर्यादा यांची नोंद घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. या क्षेत्रातील मूळ ग्रंथ, नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले प्रकल्पवृत्तांत आणि शासकीय चौकशी अहवाल हा विवेचनाचा आधार आहे.

३. उगम : ॲडलेड आणि ऑकलंड

कथनोपचाराचे प्रवर्तक म्हणून मायकेल व्हाइट (१९४८–२००८) आणि डेव्हिड एप्स्टन यांची नावे घेतली जातात. व्हाइट हे दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे. तेथील बालरुग्णालयात त्यांनी मनोरुग्ण विभागातील सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम केले. सन १९८३ मध्ये ॲडलेड येथे डलविच सेंटर स्थापन झाले. या केंद्राच्या प्रकाशनांची धुरा शेरिल व्हाइट यांनी सांभाळली. एप्स्टन हे मूळचे कॅनडाचे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ते स्थायिक झाले. त्यांचे शिक्षण समाजशास्त्र, मानववंशशास्त्र व समुदाय विकास या विषयांत झाले होते. पुढे ही पद्धती समुदायाकडे वळली, त्याची बीजे या पार्श्वभूमीत दिसतात.

सन १९८४ मध्ये व्हाइट यांनी मुलांच्या शौचावरील नियंत्रणाच्या तक्रारीविषयी एक लेख प्रसिद्ध केला. अशी मुले, त्यांची माता आणि संपूर्ण कुटुंब अपराधीपणाने खचलेले असे. व्हाइट यांनी या समस्येला मुलापासून वेगळे काढून ‘लबाड शी’ अशा अर्थाचे नाव दिले. ही लबाड शी घरात काय काय उद्योग करते, कोणाकोणात भांडणे लावते, असे प्रश्न त्यांनी कुटुंबाला विचारले. त्यानंतर प्रश्नांची दिशा उलटवली : तिचे न ऐकल्याचे प्रसंग कोणते? सहा वर्षांच्या एका मुलाच्या प्रकरणात असे दिसून आले की, निराश होऊन बसण्याऐवजी आईने एकदा संगीत लावले होते. आणि लाजेपोटी आजवर लपवलेली ही गोष्ट सहकाऱ्याला सांगून टाकण्याचा निर्णय वडिलांनी घेतला. रुग्णाच्या नोंदवहीत अशा गोष्टींना स्थान नसते. व्हाइट यांच्या दृष्टीने मात्र तेच पर्यायी कथेचे पहिले धागे होते. समस्येला व्यक्तीपासून वेगळे करण्याच्या या रीतीस ‘बाह्यीकरण’ असे नाव मिळाले.

एप्स्टन यांचे वैशिष्ट्य पत्रलेखनात होते. भेटीनंतर ते संबंधित व्यक्तीस पत्र पाठवत. रुग्णाची नोंद सामान्यतः रुग्णालयाच्या कपाटात राहते आणि ती वाचण्याचा अधिकार तज्ज्ञांचा असतो. एप्स्टन यांची नोंद मात्र ज्याची कथा त्याच्याच हाती जात असे. व्हाइट व एप्स्टन यांचा संयुक्त ग्रंथ सन १९८९ मध्ये ॲडलेड येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ शीर्षकात लेखनाच्या साधनांचा उल्लेख होता. सन १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्टन या प्रकाशनसंस्थेने तो प्रसिद्ध केला तेव्हा त्या जागी कथनाच्या साधनांचा उल्लेख आला. पत्रे, प्रमाणपत्रे व जाहीरनामे यांना या ग्रंथात मिळालेली जागा लक्षात घेता मूळ शीर्षक अधिक बोलके होते.

वैचारिक दृष्ट्या या ग्रंथावर तिघांचा प्रभाव ठळक आहे. ग्रेगरी बेटसन यांच्याकडून कोणत्याही घटनेचा अर्थ संदर्भावर अवलंबून असतो ही दृष्टी आली. मिशेल फूको यांच्याकडून ज्ञान व सत्ता यांच्या संबंधाची जाणीव आली. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड ब्रूनर यांचे विवेचन इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटेल. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींविषयी अभ्यासकांनी सांगितलेली कथा कशी पालटली, हे त्यांनी सन १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूतकाळ वैभवाचा, वर्तमान विघटनाचा आणि भविष्य विलीनीकरणाचे, अशी मांडणी होती. पुढे भूतकाळ शोषणाचा, वर्तमान प्रतिकाराचा आणि भविष्य पुनरुत्थानाचे, अशी मांडणी प्रबळ झाली. समाज तोच असताना कथेची चौकट बदलताच कोणती तथ्ये महत्त्वाची मानायची हेही बदलले. हाच विचार व्हाइट व एप्स्टन यांनी व्यक्तीच्या जीवनकथेला लावला.

४. साक्षी श्रोत्याची संकल्पना

आरंभीच्या कथनोपचारात श्रोता हा उपचारकच होता. या मर्यादेबाहेर पडण्यास बार्बरा मायरहॉफ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीचे संशोधन साहाय्यभूत ठरले. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथे पूर्व युरोपातून आलेल्या वृद्ध ज्यूंचे एक केंद्र होते. या वृद्धांपैकी अनेकांची मुले दूर होती, ज्या गावांत त्यांचे बालपण गेले तो समाज महायुद्धात नष्ट झाला होता आणि भोवतालच्या शहराला त्यांच्या अस्तित्वाची फारशी दखल नव्हती. मायरहॉफ यांनी सन १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वृद्धांच्या सभा, वाद, समारंभ व कथनप्रसंग यांचे वर्णन केले. आपण कोण आहोत हे स्वतःच्या शब्दांत, इतरांसमोर मांडण्याच्या या प्रसंगांना त्यांनी ‘स्व-व्याख्येचे सोहळे’ या अर्थाची संज्ञा दिली. ज्यांना समाज पाहत नाही त्यांना स्वतःसाठी प्रेक्षक निर्माण करावे लागतात, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

व्हाइट यांनी ही कल्पना स्वीकारून तिला शिस्तबद्ध रूप दिले. या रचनेत तीन टप्पे असतात. प्रथम संबंधित व्यक्ती आपली कथा सांगते व निमंत्रित श्रोते ती मुकाट्याने ऐकतात. नंतर श्रोते आपसात बोलतात व मूळ व्यक्ती ऐकते. शेवटी मूळ व्यक्ती श्रोत्यांच्या बोलण्यावर आपला प्रतिसाद देते. श्रोत्यांनी काय बोलावे यालाही मर्यादा घातली होती. सल्ला, निदान, इतकेच नव्हे तर कौतुकही वर्ज्य होते. कोणते शब्द मनात राहिले, त्यांतून डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहिले, ते आपल्या आयुष्यातील कोणत्या अनुभवाशी जुळले आणि ऐकल्यामुळे आपल्यात काय बदलले, एवढेच श्रोत्याने सांगायचे. या श्रोत्यास ‘साक्षी श्रोता’ म्हणता येईल. कौतुकास मज्जाव करण्यामागील तर्क सूक्ष्म आहे. कौतुक करणारा हा परीक्षक होतो व सांगणारा परीक्षार्थी. याउलट ‘तुमच्या कथेने माझ्यात अमुक बदल झाला’ असे म्हणणारा श्रोता सांगणाऱ्याला दाता ठरवतो. दुःख भोगलेली व्यक्ती केवळ मदत घेणारी न राहता इतरांच्या जीवनाला हातभार लावणारी ठरते. पुढील काळातील समुदायकार्याचा पाया या विचारावर उभा राहिला.

५. न्यायाचा प्रश्न : लोअर हट येथील प्रयोग

याच सुमारास न्यूझीलंडमधील लोअर हट येथील फॅमिली सेंटरने एक मूलभूत प्रश्न उपस्थित केला. चार्ल्स वॉल्डग्रेव्ह, किवी तामासेसे, फ्लोरा तुहाका व वारिही कॅम्पबेल यांच्या गटाने सन १९९० मध्ये डलविच सेंटरच्या नियतकालिकातून ‘न्याय्य उपचार’ या अर्थाच्या भूमिकेची मांडणी केली. निकृष्ट घर, बेकारी व वंशभेद यांमुळे खचलेल्या कुटुंबाचे दुःख केवळ मानसिक विकार म्हणून हाताळले तर उपचारक त्या कुटुंबाला अन्यायाशी जुळवून घेण्यास शिकवतो, असा त्यांचा आक्षेप होता.

या भूमिकेला त्यांनी संस्थात्मक रूपही दिले. केंद्रात माओरी, पॅसिफिक बेटांवरील आणि गौरवर्णीय असे तीन विभाग होते. एखाद्या माओरी कुटुंबाबाबतचे काम योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार माओरी विभागाकडे होता. सत्ता ज्याच्याकडे अधिक त्याने कमी सत्ता असलेल्यांना उत्तरदायी राहावे, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष कार्यपद्धती बनले. कथनोपचाराला समुदायात प्रवेश करताना ज्या उत्तरदायित्वाची आवश्यकता होती, त्याचा नमुना या केंद्राने घालून दिला.

६. कोठडीतील मृत्यू आणि कॅम्प कूराँग

कथनोपचाराच्या इतिहासातील निर्णायक वळण ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींच्या प्रश्नातून आले. पोलीस कोठडीत व तुरुंगात मूलनिवासी व्यक्तींचे मृत्यू होत असल्याबद्दल त्यांच्या कुटुंबीयांनी व संघटनांनी आवाज उठवल्यानंतर सन १९८७ मध्ये शाही आयोगाची नियुक्ती झाली. आयोगाने १ जानेवारी १९८० ते ३१ मे १९८९ या काळातील ९९ मृत्यूंची चौकशी केली आणि सन १९९१ मध्ये ३३९ शिफारशींसह अंतिम अहवाल सादर केला. मृत ९९ व्यक्तींपैकी ४३ जणांना बालपणी त्यांच्या कुटुंबापासून तोडण्यात आले होते. या आकड्यामुळे तुरुंगातील मृत्यू आणि मुले हिरावण्याचे शासकीय धोरण यांतील संबंध अधोरेखित झाला.

आयोगाने मृत्यूंची कारणे शोधली. परंतु मागे राहिलेल्या कुटुंबांच्या शोकाला त्यातून वाट मिळाली नव्हती. दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी आरोग्य परिषदेने या कुटुंबांसाठी एक उपक्रम हाती घेतला व त्यात डलविच सेंटरच्या कार्यकर्त्यांना सहभागी करून घेतले. नारिंजेरी समुदायाच्या कॅम्प कूराँग या सांस्कृतिक केंद्रात हा मेळावा झाला. त्याचा वृत्तांत सन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या कथा परत मिळवणे म्हणजे आपले जीवन परत मिळवणे, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता.

या मेळाव्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. पुढाकार मूलनिवासी संस्थेचा होता आणि मूलनिवासी समुपदेशक केंद्रस्थानी होते. कुटुंबीय लहान गटांत बोलले. अन्यायाला नाव देणे, गेलेल्यांचे स्मरण, परस्परांची काळजी घेण्याच्या रीती हे बोलण्याचे विषय होते. ऐकणाऱ्या गटाने जे ऐकले ते सर्वांसमोर परत मांडले व त्यावर कुटुंबीय पुन्हा बोलले. मायरहॉफ यांनी वर्णिलेला सोहळा येथे संपूर्ण समुदायाच्या शोकासाठी योजला गेला. गेलेल्या व्यक्तीला कायमचा निरोप देऊन शोक संपवावा, या प्रचलित मताऐवजी त्या व्यक्तीशी असलेले नाते जीवनात पुन्हा सामावून घ्यावे, असा विचार व्हाइट यांनी सन १९८८ मध्ये मांडला होता. पूर्वजांशी नाते राखणाऱ्या समाजाला तो परका वाटला नाही.

या कामातून पुढे आलेल्या कार्यकर्त्यांत बार्बरा विंगार्ड यांचे नाव अग्रभागी आहे. कौर्ना समुदायातील विंगार्ड या आरोग्यसेविका होत्या. जेन लेस्टर यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ सन २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूलनिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण मोठे होते. परंतु त्याविषयी बोलताना रुग्णाला आपल्यावर ठपका ठेवला जात आहे असे वाटे. विंगार्ड यांनी बाह्यीकरणाचा आधार घेऊन ‘शुगर’ नावाचे पात्र योजले. एक व्यक्ती शुगरची भूमिका घेई आणि जमलेले लोक तिला प्रश्न विचारत : तू आमच्यात कधी आलीस, तुला काय आवडते, तू कशाला घाबरतेस? हसतखेळत झालेल्या या संवादात लाजेला जागा उरत नसे. बालरुग्णालयातील ‘लबाड शी’ पासून मूलनिवासींच्या ‘शुगर’ पर्यंतचा हा प्रवास केवळ तंत्राच्या प्रसाराचा नव्हे. विंगार्ड यांनी ते तंत्र आपल्या समाजाच्या विनोदबुद्धीत व सामूहिक बोलण्याच्या रीतीत रुजवले, म्हणून ते तेथे टिकले.

एका समुदायाची कथा दुसऱ्या समुदायाने ऐकावी, असाही प्रयोग पुढे झाला. आत्महत्यांमुळे शोकग्रस्त असलेल्या उत्तरेकडील यिरकला येथील समुदाय आणि दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टा येथील समुदाय यांच्यात कथा व संदेश यांची देवघेव झाली. तिचा वृत्तांत सन २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका शोकाकुल समुदायाने दुसऱ्याला धीर देताना स्वतःचे बळही ओळखले. सन २००२ पासून डलविच सेंटरच्या नियतकालिकाच्या नावात कथनोपचारासोबत ‘समुदायकार्य’ हा शब्द आला. प्रत्यक्षात घडून गेलेल्या स्थित्यंतराची ती नोंद होती.

७. आफ्रिकेतील अनुभव

१९९० च्या दशकात एड्सच्या साथीने दक्षिण व पूर्व आफ्रिकेतील खेडी उद्ध्वस्त होत होती. मलावी येथे यव्होन स्लीप व स्थानिक समुपदेशकांच्या गटाने ‘श्रीयुत वा श्रीमती एड्स’ आणि ‘श्रीयुत वा श्रीमती काळजी’ अशी पात्रे उभी केली. ग्रामस्थ पहिल्या पात्राला त्याचे मनसुबे विचारत, त्याला गावात कोण साथ देते हे काढून घेत. तेव्हा मौन व लाज हेच त्याचे साथीदार असल्याचे उघड होई. दुसऱ्या पात्राशी बोलताना गावाने पूर्वी संकटांना कसे तोंड दिले याची आठवण निघे. आजार व आजारी माणूस यांची जी गल्लत बहिष्काराला कारणीभूत होती, ती या संवादातून दूर होण्यास मदत झाली. सन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाच्या वृत्तांताला चिचेवा भाषेतील, थोडे थोडे करून मोळी होते अशा अर्थाच्या, म्हणीचे शीर्षक दिलेले आहे.

झिंबाब्वेमधील अनुभव याहून अधिक बोधप्रद आहे. तेथील मसिये शिबिरात एड्समुळे माता-पिता गमावलेली मुले एकत्र येत. या मुलांना आपल्या हानीविषयी बोलते केल्यावर काही मुले अधिकच कोसळतात व त्या अवस्थेतून बाहेर पडणे त्यांना कठीण जाते, ही चिंता कार्यकर्त्यांपुढे होती. दुःख बोलून दाखवणे नेहमीच हितकर असते, या समजुतीला येथे तडा गेला. मानसशास्त्रज्ञ न्काझेलो न्क्यूबे यांनी डेव्हिड डेनबरो यांच्या सहकार्याने या उपक्रमाची पुनर्रचना केली व सन २००६ मध्ये तिच्याविषयी लेखन प्रसिद्ध केले. हा उपक्रम ‘जीवनवृक्ष’ या नावाने परिचित झाला.

जीवनवृक्षात प्रत्येक मूल एक झाड काढते. मुळे म्हणजे आपले गाव, पूर्वज, ज्यांनी शिकवले ती माणसे. जमीन म्हणजे सध्याचे दैनंदिन जीवन. खोड म्हणजे अंगची कौशल्ये व मूल्ये. फांद्या म्हणजे आशा. पाने म्हणजे जिव्हाळ्याची माणसे, मग ती हयात असोत वा नसोत. आणि फळे म्हणजे इतरांकडून मिळालेल्या देणग्या. त्यानंतर सर्व झाडे भिंतीवर एकत्र लावून ‘वन’ तयार होते व मुले एकमेकांच्या झाडांवर संदेश लिहितात. वादळांविषयीचे बोलणे यानंतर येते, तेही वनाला येणाऱ्या वादळांविषयी सामूहिकरीत्या. अखेरीस मुलांना प्रमाणपत्रे दिली जातात. या क्रमातच पद्धतीचे मर्म आहे. उभे राहण्यास सुरक्षित जागा तयार झाल्याखेरीज मुलाला पुराच्या पाण्यात उतरवायचे नाही. मृत आईचा उल्लेख आधी ‘पान’ म्हणून, ‘मूळ’ म्हणून येतो. तिच्या मृत्यूचा उल्लेख त्यानंतर.

रवांडात सन १९९४ च्या वंशसंहारातून वाचलेल्यांच्या ‘इबुका’ या शिखर संघटनेसोबत डलविच सेंटरने केलेल्या कामातही हीच दृष्टी होती. काय भोगले याच्या जोडीला, त्या काळात कोणाला कसे जपले आणि आज काय टिकवून ठेवले आहे, या प्रश्नांना तेथे सारखेच महत्त्व होते. पीडित व्यक्ती कधीच पूर्णतः निष्क्रिय नसते. तिने केलेला प्रतिकार लहान असला तरी तो नोंदवला गेला पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती.

८. साक्षकथनाची समांतर परंपरा व भारत

कथनोपचाराशी थेट संबंध नसलेली, परंतु श्रोता व नोंद यांना तितकेच महत्त्व देणारी दुसरी परंपरा दक्षिण अमेरिकेत निर्माण झाली. चिलीमध्ये सन १९७३ च्या लष्करी उठावानंतर छळ झालेल्या राजकीय कैद्यांचे कथन उपचारक लिहून घेत. सन १९८३ मध्ये दोन चिली मानसशास्त्रज्ञांनी टोपणनावाने या पद्धतीविषयी लेख प्रसिद्ध केला. लिहिलेले साक्षकथन एकाच वेळी उपचाराचे साधन व अत्याचाराचा पुरावा होते. व्यक्तीची वेदना व सार्वजनिक न्याय यांची येथे फारकत झाली नाही.

ही परंपरा भारतात पोहोचली ती वाराणसीत. तेथील मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कमधील तज्ज्ञ इंगर ॲगर यांच्या सहकार्याने पोलिसी छळाला बळी पडलेल्यांसोबत सन २००८ पासून साक्षकथनाचे काम केले. कार्यकर्त्याने कथन लिहून घ्यायचे, ते सांगणाऱ्यास वाचून दाखवून दुरुस्त करायचे आणि नंतर त्याच्या समुदायासमोर सन्मानसमारंभात त्याचे वाचन करून त्याची प्रत सन्मानपूर्वक त्याच्या स्वाधीन करायची, असा क्रम होता. ज्याला पोलिसांनी सर्वांदेखत अपमानित केले, त्याची प्रतिष्ठा सर्वांदेखतच परत यावी, हा विचार यामागे होता. मायरहॉफ यांच्या वृद्धांचा सोहळा व हा सन्मानसमारंभ यांतील साम्य स्वयंस्पष्ट आहे. महाराष्ट्रात कथनाधारित पद्धतींच्या प्रशिक्षणाचे काम मुंबईच्या ‘उम्मीद’ या सन २००१ मध्ये स्थापन झालेल्या बालविकास केंद्राने केले आहे. अपंगत्व वा विकासातील अडचणी असलेली मुले व त्यांचे पालक हे या केंद्राचे कार्यक्षेत्र होय.

९. आक्षेप व मर्यादा

कथनोपचारावर प्रारंभापासून आक्षेप घेतले गेले. कौटुंबिक उपचाराचे ज्येष्ठ प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन यांनी सन १९९८ मध्ये, व्यक्ती व समाज यांच्या चर्चेत प्रत्यक्ष कुटुंबच हरवले आहे, असा आक्षेप घेतला. दुसरा आक्षेप पुराव्याविषयी आहे. सन २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्ह्रोमन्स व श्वाइट्झर यांनी नैराश्यग्रस्त ४७ प्रौढांना आठ भेटींत दिलेल्या कथनोपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लक्षणांमध्ये सुधारणा आढळली. तथापि तुलनेसाठी उपचार न दिलेला गट त्यात नव्हता. समुदायातील कामाचे मोजमाप तर अधिकच अवघड आहे. कारण शोकग्रस्त समुदायाचे वन भिंतीवर लागल्यावर काय बदलले हे प्रश्नावलीत सहज मावत नाही. म्हणून पुरावाच नको असे म्हणणे योग्य नव्हे; पुराव्याच्या कक्षा व्यापक कराव्या लागतील, एवढेच म्हणता येईल.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. कॅम्प कूराँगच्या मेळाव्याने कुटुंबांच्या शोकाला मान दिला. परंतु मृत्यू थांबले नाहीत. आयोगाच्या सन १९९१ च्या अहवालानंतरही ऑस्ट्रेलियात कोठडीत ५०० हून अधिक मूलनिवासी व्यक्तींचे मृत्यू झाले आहेत. कथेला मिळालेला सन्मान हा शिफारशींच्या अंमलबजावणीचा पर्याय होऊ शकत नाही. लोअर हट येथील गटाने सन १९९० मध्ये दिलेला इशारा यामुळे आजही लागू पडतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कथनोपचार समुदायाकडे वळला तो केवळ प्रवर्तकांच्या वैचारिक विकासामुळे नव्हे. मूलनिवासी, माओरी व आफ्रिकी कार्यकर्त्यांच्या आग्रहाने व अनुभवाने त्याला ते वळण दिले. त्यांना केवळ ‘लाभार्थी’ म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते या पद्धतीचे सहनिर्माते आहेत.

२) कथा सांगणे स्वभावतः हितकर नसते. मसिये शिबिराचा अनुभव हे स्पष्ट करतो. कोणत्या क्रमाने, कोणासमोर व कोणत्या आधारावर उभे राहून सांगायचे यावर परिणाम अवलंबून असतो.

३) श्रोत्याची भूमिका तज्ज्ञापासून साक्षीदाराकडे व साक्षीदारापासून सहभागी समुदायाकडे सरकत गेली. ऐकणाऱ्याने काहीतरी परत देणे हे या सर्व प्रयोगांचे समान सूत्र आहे.

४) नोंदीची मालकी हा प्रश्न गौण नाही. एप्स्टन यांचे पत्र, मुलांची प्रमाणपत्रे व वाराणसीतील साक्षकथनाची प्रत या तिन्ही ठिकाणी कागद सांगणाऱ्याच्या हाती राहिला.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विश्वालाही लागू आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल यांतून वस्त्यांमधील व गावांमधील माणसांच्या कथा गोळा केल्या जातात. व्यक्तिअभ्यास म्हणून त्यांना गुण मिळतात, यशोगाथा म्हणून त्या छापल्या जातात. ज्याने कथा सांगितली त्याला ती वाचून दाखवली गेली का, त्याने ती दुरुस्त केली का, त्याच्याकडे तिची प्रत आहे का आणि ऐकणाऱ्याने त्याला काय परत दिले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ॲडलेडपासून वाराणसीपर्यंतचा हा इतिहास या चार प्रश्नांना क्षेत्रकार्याच्या मूल्यमापनात स्थान मिळावे अशी अपेक्षा निर्माण करतो. त्यासाठी नव्या निधीची आवश्यकता नाही. अहवालाची एक प्रत अधिक काढून ती ज्याची त्याला नेऊन देणे, ही त्याची सुरुवात होऊ शकते.